मुंबई विरुद्ध इंदूर : रणजी करंडकाच्या पाच अंतिम सामन्यांची गोष्ट

इंदूर : मुंबई रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचली की करंडक मुंबईलाच जाणार, असं क्रिकेटमध्ये धरूनच चालतात. आकडेही तेच सांगतात. २०२४ च्या विजेतेपदापर्यंत मुंबईनं ४८ अंतिम सामने खेळले, ४२ जिंकले, हरली फक्त सहा. या सहांपैकी पहिला पराभव १९४८ मध्ये इंदूरच्या होळकर संघानं केला. सहावा २०२२ मध्ये मध्य प्रदेशानं, म्हणजे होळकरांच्याच वारसदार संघानं. मधल्या चारांपैकी २०१७ चा पराभव गुजरातकडून झाला खरा, पण मैदान इंदूरचंच होतं. सहापैकी तीन ठिकाणी इंदूरचं नाव निघतं, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

खानदेश, बुऱ्हाणपूर, खंडवा या पट्ट्यातल्या दुकानदाराला इंदूर म्हटलं की आधी सियागंज आठवतं. रेल्वे स्टेशनजवळची घाऊक किराण्याची ही पेठ. साखर, खोबरं, हळद, साबुदाण्याचे इथले भाव वर्तमानपत्रात छापून येतात. पण याच व्यापारी गावानं एके काळी देशातला सगळ्यात दबदबा असलेला क्रिकेट संघ पोसला होता, हे नव्या पिढीला फारसं माहीत नसतं. सियागंजापासून फार लांब नसलेल्या रेसकोर्स रोडवर यशवंत क्लब आहे. १९४० आणि ५० च्या दशकातले रणजीचे अनेक मोठे सामने त्याच क्लबच्या मैदानावर झाले.

दोन्ही संघांत पाच अंतिम सामने झाले : १९४५, १९४८, १९५२, १९५४ आणि २०२२. यातले तीन मुंबईनं जिंकले, दोन इंदूरकडच्या संघानं. नुसत्या आकड्यावर गेलं तर मुंबई पुढे. पण मुंबईला एवढी टक्कर दुसऱ्या फार थोड्या संघांनी दिली आहे.

संस्थानाचा संघ, मुलूखभरचे खेळाडू

रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला या भागाचा संघ ‘मध्य हिंदुस्थान’ या नावानं खेळायचा. १९४१-४२ च्या हंगामापासून ‘होळकर’ हे नाव आलं. तेव्हा गादीवर दुसरे यशवंतराव होळकर होते. क्रिकेटचा पाया मात्र त्याआधीच, त्यांचे वडील तिसरे तुकोजीराव यांच्या काळात पडला होता. १९२३ मध्ये तुकोजीरावांनी नागपूरच्या एका उंचपुऱ्या फलंदाजाला इंदुरात आणलं आणि होळकर फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला. ते सी. के. नायडू. पुढे १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत कर्णधार झाले तेही हेच. नंतर सगळे त्यांना ‘कर्नल’ म्हणू लागले.

ही पद्धत समजून घेतली पाहिजे, कारण होळकर संघाचं बळ आणि त्याचा शेवट, दोन्ही त्यातच आहेत. त्या काळात क्रिकेट खेळून घर चालत नव्हतं. मुंबईत मोठ्या कंपन्या, जिमखाने, कॉलेजं होती. मैदानावर वाढलेल्या पोराला तिथंच कुठेतरी चिकटता यायचं. इंदुरात ते काम दरबारानं केलं. खेळाडूला संस्थानात नोकरी किंवा फौजेत हुद्दा द्यायचा, दरमहा पगार सुरू करायचा आणि हंगामात खेळायला मोकळं ठेवायचं. सरळ हिशेब होता. त्यामुळे चांगले खेळाडू इंदुराकडे ओढले गेले.

संघातली नावं वाचली तर अर्धा मराठी मुलूख डोळ्यांसमोर येतो. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर. सागरला जन्मलेले चंदू सरवटे. नागपूरचे हिरालाल गायकवाड. माधवसिंह जगदाळे, कमल भांडारकर. मुंबईचे खंडू रांगणेकरही काही काळ होळकरांकडून खेळले. आणि अस्सल इंदूरचा म्हणावा असा मुश्ताक अली. इंग्लंडमध्ये १९३६ साली मँचेस्टर कसोटीत ११२ धावा काढून परदेशात कसोटी शतक करणारा तो पहिला भारतीय ठरला. त्या डावात त्याच्यासोबत सलामीला विजय मर्चंट होते. दोघांनी २०३ धावांची भागीदारी केली. नऊ वर्षांनी हेच दोघं रणजीच्या अंतिम सामन्यात समोरासमोर उभे राहिले.

मार्च १९४५ : सहा दिवस, २०७८ धावा

मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम. सामना निकाल लागेपर्यंत खेळायचा, दिवसांची मर्यादा नाही. मुंबईचे कर्णधार विजय मर्चंट, होळकरांचे सी. के. नायडू. कर्नल तेव्हा ४९ वर्षांचे होते. या वयात आजचा खेळाडू निवृत्त होऊन समालोचनाच्या खुर्चीत बसलेला असतो.

मुंबईनं पहिल्या डावात ४६२ धावा केल्या. रुसी मोदी ९८ वर बाद झाले. होळकरांनी ३६० पर्यंत मजल मारली, त्यात मुश्ताक अलीच्या १०९. आघाडी १०२ धावांची. इथवर सामना तसा बरोबरीचाच होता. दुसऱ्या डावात मात्र मुंबई खेळपट्टीवर मुक्कामच ठोकून बसली. मर्चंट २७८, मोदी १५१, रुसी कूपर १०४. डाव संपला तेव्हा फलकावर ७६४ धावा होत्या. मोदींनी त्या हंगामात १००८ धावा केल्या. एका रणजी हंगामात हजाराचा आकडा त्याआधी कुणी गाठला नव्हता.

या सगळ्यात एका माणसाचे हाल झाले, ते म्हणजे कर्नलचे धाकटे भाऊ सी. एस. नायडू. त्यांनी लेगस्पिनवर पहिल्या डावात ६४.५ षटकं टाकून १५३ धावांत ६ गडी बाद केले. दुसऱ्या डावात ८८ षटकं, २७५ धावा, ५ गडी. मिळून ९१७ चेंडू, ११ बळी, ४२८ धावा. एका प्रथम श्रेणी सामन्यात एकाच गोलंदाजानं इतके चेंडू टाकल्याची आणि इतक्या धावा दिल्याची दुसरी नोंद नाही. सामना हरला तरी या आकड्यांची कुणाला लाज वाटायचं कारण नाही. थोरल्या भावानं चेंडू हातात दिला आणि धाकटा टाकत राहिला.

होळकरांना जिंकायला ८६७ धावा हव्या होत्या. कुठलाही शहाणा माणूस सामना तिथेच सोडून देईल. होळकरांनी सोडला नाही. मुश्ताकनं दुसरं शतक ठोकलं, १३९. दुसऱ्या बाजूला होता डेनिस कॉम्प्टन. महायुद्धामुळे हा इंग्लिश फलंदाज लष्करी नोकरीवर इंदुराजवळच्या महू छावणीत येऊन पडला होता आणि त्या हंगामात होळकरांकडून खेळत होता. (फुटबॉलच्या चाहत्यांना त्याची दुसरी ओळख असेल. तो आर्सेनलचा विंगर होता आणि १९५० मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकणाऱ्या संघात होता.) कॉम्प्टननं २४९ धावा केल्या आणि तो बाद झालाच नाही. समोरचे गडी संपले. होळकर सर्वबाद ४९२. मुंबई ३७४ धावांनी जिंकली.

या खेळीचा एक किस्सा क्रिकेटच्या गप्पांत अजून रंगवून सांगतात. एका धनिक व्यापाऱ्यानं म्हणे कॉम्प्टनला शब्द दिला होता, की शंभरी ओलांडल्यावर पुढच्या प्रत्येक धावेमागे रोख बक्षीस. सियागंजातला मुनीम बोटांवर मोजून सांगेल, देणं निघालं १४९ धावांचं. कॉम्प्टन खेळून परत आला तेव्हा शेटजींची चिठ्ठी हातात पडली : तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जावं लागतंय, क्षमा असावी.

चारही डाव मिळून २०७८ धावा झाल्या. अंतिम सामना सहा दिवस चालला आणि पराभूत संघाच्या फलंदाजाचंच नाव त्यातून सर्वांत पुढे आलं, असं क्वचितच घडतं.

पुढची तीन वर्षं

हरलेला संघ पुढच्याच वर्षी विजेता झाला. १९४५-४६ च्या हंगामात म्हैसूरविरुद्धच्या उपांत्य सामन्यात होळकरांनी इंदुरात ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला. एका डावात सहा जणांची शतकं : भांडारकर, सरवटे, जगदाळे, सी. के. नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंह. एकाच डावात सहा शतकांचा हा विक्रम जगभर नोंदला गेला. अंतिम सामन्यात बडोद्याला ५६ धावांनी हरवून करंडक पहिल्यांदा इंदुरात आला. तेव्हा कर्नलनी पन्नाशी गाठली होती.

१९४७ मध्ये बडोद्यानं परतफेड केली, तीही जबर. विजय हजारे २८८, गुल महंमद ३१९, चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी. कुठल्याही गड्यासाठीचा तो विश्वविक्रम जवळपास साठ वर्षं टिकला. होळकर डाव आणि ४०९ धावांनी हरले. सांगलीचे हजारे बडोद्याकडून खेळतात, कोल्हापूरचे निंबाळकर होळकरांकडून. त्या काळचं रणजी क्रिकेट म्हणजे एका परीनं गायकवाड, होळकर आणि मुंबई यांच्यातला घरचाच सामना होता.

आणि मग १९४८. अंतिम सामना इंदुरात, यशवंत क्लबच्या मैदानावर. समोर पुन्हा मुंबई. तोवर मुंबई रणजीचा अंतिम सामना कधी हरली नव्हती. होळकरांनी ९ गडी राखून जिंकला. १९४५ च्या मानानं या सामन्याच्या आठवणी कमी निघतात, कारण त्यात धावांचे डोंगर नव्हते. पण वजन याच सामन्याला जास्त. मुंबईला अंतिम सामन्यात हरवता येतं, हे पहिल्यांदा दिसलं ते इंदुरात. त्यानंतर मुंबई पुन्हा अंतिम सामना हरायला १९८० साल उजाडावं लागलं.

संस्थान गेलं, नाव राहिलं

त्याच वर्षी, २८ मे १९४८ रोजी, मध्य भारत राज्य स्थापन झालं आणि होळकरांचं संस्थान त्यात विलीन झालं. फौज गेली, दरबार गेला, हुद्दे देणारा हात गेला. मराठ्यांच्या उत्तरेकडच्या स्वाऱ्यांतून उभी राहिलेली सव्वादोनशे वर्षांची राजवट कागदोपत्री संपली. क्रिकेटच्या मैदानावर मात्र ‘होळकर’ हे नाव आणखी सात हंगाम चालू राहिलं. रणजीच्या नोंदवहीत ते राज्य नव्हतं, संस्थान नव्हतं, फक्त एक संघ होता.

आणि तो संघ मोडून पडला नाही. होळकरांनी एकूण दहा अंतिम सामने खेळले, त्यातले सहा विलीनीकरणानंतरचे. १९५० ते १९५५ अशी सलग सहा वर्षं ते अंतिम फेरीत होते. १९५१ मध्ये गुजरातला हरवलं, १९५३ मध्ये कलकत्त्यात ईडन गार्डन्सवर बंगालला पहिल्या डावातल्या आघाडीवर हरवलं. चार विजेतेपदं, चारही कर्नलच्या नेतृत्वाखाली. नायडूंनी नऊ हंगामांत आठ वेळा संघाला अंतिम सामन्यात नेलं.

मुंबईशी मात्र नंतर जमलं नाही. १९५२ मध्ये ब्रेबॉर्नवर ५३१ धावांनी पराभव, १९५४ मध्ये घरच्या मैदानावर ८ गड्यांनी. मुंबईत तोवर पुढची पिढी तयार झाली होती. तिथली जिमखाने, कॉलेज, ऑफिस अशी साखळी दरवर्षी नवे खेळाडू देत होती. इंदुरात तेच जुने शिलेदार वय वाढत असताना खेळत होते. पगार देणारा दरबार नसताना नवा सरवटे, नवा निंबाळकर बाहेरून इंदुरात कशाला येणार? खरा फरक इथे पडला. मुंबईचा संघ शहरावर उभा होता, होळकरांचा एका घराण्यावर. घराण्याची सत्ता गेली तेव्हा संघ लगेच पडला नाही, पण त्याला नवं रक्त मिळणं थांबलं.

१९५५ मध्ये शेवटचा अंतिम सामना मद्रासविरुद्ध इंदुरात झाला. होळकर ४६ धावांनी हरले. पुढच्या हंगामात संघाचं नाव मध्य भारत झालं आणि १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाल्यावर इंदूरचे खेळाडू मध्य प्रदेशाचे झाले. नागपूर मुंबई राज्यात गेलं. ज्या नागपुरातून नायडू बंधू आणि गायकवाड इंदुराला आले, ते गाव क्रिकेटच्या नकाशावर आता दुसऱ्या संघात होतं. सीमेवरच्या जिल्ह्यांतल्या मराठी माणसांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

कर्नल साठी ओलांडूनही रणजी खेळले, तेही उत्तर प्रदेशाकडून. १९६७ मध्ये इंदुरातच त्यांचं निधन झालं.

मधली कोरडी वर्षं

नंतरची चार दशकं मध्य प्रदेशासाठी कोरडी गेली. खेळाडू निघत होते. माधवसिंहांचे चिरंजीव संजय जगदाळे यांनी इंदुरात पोरं घडवली, पुढे ते राष्ट्रीय निवड समितीत आणि भारतीय क्रिकेट मंडळाच्या सचिवपदावरही गेले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या नरेंद्र हिरवाणीनं १९८८ मध्ये मद्रासला पदार्पणाच्या कसोटीत १६ बळी घेतले. पण करंडक येत नव्हता.

एकदा अगदी जवळ आला होता. १९९९ च्या अंतिम सामन्यात बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर मध्य प्रदेशानं कर्नाटकावर पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेतली होती. सामना नुसता अनिर्णित ठेवला असता तरी करंडक मिळाला असता. शेवटच्या दिवशी डाव कोसळला आणि संघ ९६ धावांनी हरला. कर्णधार होते चंद्रकांत पंडित. मुंबईचे, शिवाजी पार्कचे, रमाकांत आचरेकर सरांचे शिष्य. कारकिर्दीच्या उत्तरार्धात मध्य प्रदेशाकडून खेळायला आलेले.

इंदुरात दरम्यान नवं स्टेडियम उभं राहिलं. रेसकोर्स रोडवरच्या या मैदानाला २०१० मध्ये ‘होळकर स्टेडियम’ असं नाव मिळालं. संघाच्या नावातून गेलेले होळकर मैदानाच्या नावात परत आले. जानेवारी २०१७ मध्ये इथेच पार्थिव पटेलच्या १४३ धावांच्या जोरावर गुजरातनं मुंबईला हरवलं. वर्षभरानं, १ जानेवारी २०१८ ला, विदर्भानं दिल्लीला हरवून आपला पहिला रणजी करंडक याच मैदानावर उचलला. नागपूरचा संघ, इंदूरचं मैदान. प्रशिक्षक होते पंडितच.

जून २०२२ : चिन्नास्वामी

तेच मैदान, तोच माणूस, २३ वर्षांनंतर. पंडित आता मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक होते. समोर ४१ वेळचा विजेता मुंबई संघ, त्याचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार. तेही आचरेकर सरांचेच शिष्य. दोन्ही तंबूंत एकाच शाळेची शिकवण होती.

मुंबईनं पहिल्या डावात ३७४ धावा केल्या, सर्फराज खानच्या १३४. मध्य प्रदेशानं घाई केली नाही. यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, इंदूरचाच रजत पाटीदार १२२. एकूण ५३६, आघाडी १६२. रणजीत पहिल्या डावाची आघाडी म्हणजे अर्धा करंडक, त्यामुळे जिंकायचं तर मुंबईला वेगानं धावा करणं भाग होतं. त्या नादात गडी पडत गेले. कुमार कार्तिकेयनं चार बळी घेतले, मुंबई २६९ वर संपली. लक्ष्य १०८ धावांचं. २६ जून रोजी मध्य प्रदेशानं चार गडी गमावून ते पूर्ण केलं. कर्णधार आदित्य श्रीवास्तवच्या हाती करंडक आला. होळकरांनी १९५३ मध्ये शेवटचा जिंकला होता, त्यानंतर ६९ वर्षांनी.

मैदानावर खेळाडूंनी पंडितांना खांद्यावर घेतलं. ते रडत होते. ज्या मैदानावर कर्णधार म्हणून हातातला करंडक गेला, तिथेच प्रशिक्षक म्हणून तो मिळाला. आणि हरवला कुणाला, तर ज्या मुंबईला त्यांनी स्वतः प्रशिक्षक म्हणून करंडक जिंकून दिले होते, तिलाच.

मुंबईनं दोन वर्षांत सावरून मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर विदर्भाला हरवलं आणि ४२ वं विजेतेपद घेतलं. पाटीदार २०२५ मध्ये कर्णधार म्हणून बंगळुरूला पहिला आयपीएल करंडक मिळवून देऊन इंदुरात परतला.